कंपनीकडे जाण्याआधी वही भरा: मोटरसायकल मालकांच्या क्लबसाठी

क्लब उभा राहिला, पन्नाससाठ सभासद झाले, दोनचार लांबच्या राइड नीट पार पडल्या, की कार्यकारिणीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: आता कंपनीशी बोलू या. मग पत्र जातं. सुट्या भागांवर सवलत, टी-शर्टवर कंपनीचं चिन्ह, वार्षिक मेळाव्याला मदत आणि जमल्यास कारखान्याची भेट, असं सगळं त्यात एकदम मागितलेलं असतं. ते पत्र मार्केटिंग विभागात पोचतं, तिथून एक गोड उत्तर येतं आणि विषय संपतो. नात्याची सुरुवात मागण्यांच्या यादीने केली, की पुढे वर्षभर प्रयत्न करूनही ती ओळख पुसत नाही.

कंपनीकडे नसलेली एकच गोष्ट क्लबकडे असते. वॉरंटी संपली की बरेच मालक अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून ओळखीच्या मेकॅनिककडे जाऊ लागतात. त्या दिवसापासून ती गाडी कंपनीच्या नजरेआड होते. पहिल्या दोनतीन वर्षांत काय बिघडलं हे वॉरंटीच्या दाव्यांवरून कळतं. पण सात वर्षं उघड्यावर उभी राहिलेली, निम्मा वेळ दोघांना वाहणारी, तीन वेगवेगळ्या हातांनी उघडलेली गाडी ऐंशी हजार किलोमीटरला कशी वागते, ते मालकालाच माहीत असतं. ही माहिती नीट मांडून देणारा क्लब सर्व्हिस आणि क्वालिटी विभागाला हवा असतो. पुढचं सगळं याच पायावर उभं राहतं.

क्लब कोणाचा, ते आधी ठरवा

मालकांचे क्लब दोन घराण्यांचे. काही कंपनीनेच काढलेले: हार्ले-डेव्हिडसनने १९८३मध्ये सुरू केलेला हार्ले ओनर्स ग्रुप हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे पैसा, माणसं आणि नियम कंपनीचे. दुसरे मालकांनी स्वतः उभे केलेले: ब्रिटनमधला ट्रायम्फ ओनर्स क्लब १९४९चा, नॉर्टन ओनर्स क्लब १९५९चा, अमेरिकेतली बीएमडब्ल्यू मोटरसायकल मालकांची संघटना १९७२ची. या दुसऱ्या घराण्याचं बळ कंपनी अडचणीत आली की दिसतं. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३मध्ये बंद पडला, नाव विकलं गेलं, पुढे हिंक्लीला नवा कारखाना उभा राहिला. क्लब मधल्या सगळ्या काळात चालूच होता. व्हिन्सेंटने १९५५मध्ये मोटरसायकली बनवणं थांबवलं, पण १९४८मध्ये स्थापन झालेला मालकांचा क्लब आजही आहे आणि त्याच्याशी जोडलेली कंपनी त्या गाड्यांचे भाग नव्याने बनवून घेते.

तुमचा क्लब स्वतंत्र असेल तर स्वतंत्रच ठेवा, आणि पहिल्याच भेटीत तसं स्पष्ट सांगा. कंपनीलाही ते सोयीचं असतं: क्लबचं म्हणणं कंपनीने पढवलेलं नाही, हे तिच्या इंजिनियरला पटलं पाहिजे.

कागद मात्र आधी तयार लागतात. कंपनीच्या विधी विभागाचा पहिला प्रश्न असतो, सही कोण करणार? व्यक्तींच्या गटाशी कंपनी करार करत नाही. म्हणून ज्या देशात क्लब आहे तिथल्या कायद्याप्रमाणे नोंदणी, छापील घटना, संस्थेच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या सहीने चालणारे व्यवहार आणि गेल्या वर्षाचे तपासलेले हिशेब एवढं हाताशी असू द्या. शिवाय एक ठराव: कंपनीशी क्लबच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणत्या दोघांना आहे. दोघंच, आणि दोघं नक्की. एकच माणूस नेमला तर सगळ्या ओळखी त्याच्या फोनमध्ये राहतात. तो रुसला किंवा त्याने गाडी विकली की क्लब पुन्हा शून्यावर. पाचसहा जणांना मोकळीक दिली तर कंपनीला एकाच विषयावर तीन वेगळी पत्रं जातात.

कार्यकारिणीत कोणी डीलर, सुट्या भागांचा व्यापारी किंवा कंपनीचा कर्मचारी असेल तर ते लेखी नोंदवा, आणि त्याच्या धंद्याशी संबंध असलेल्या विषयावर त्याने मत देऊ नये. हे आधी केलं नाही तर नंतर ते कोणीतरी शोधून काढतं आणि क्लबच्या प्रत्येक अहवालावर संशय येतो.

डीलरला वगळून वर जाऊ नका

बहुतेक ठिकाणी डीलर हा कंपनीचा भाग नसतो. त्याचा स्वतःचा पैसा गुंतलेला असतो आणि कंपनीशी त्याचा वेगळा करार असतो. क्लबने त्याला न सांगता वर तक्रार केली, की कंपनीचा विभागीय सर्व्हिस मॅनेजर पहिला फोन त्यालाच करतो. तेव्हा तो म्हणाला, "मला तर कोणी काही बोललंच नाही," तर तुमचं प्रकरण तिथेच थंडावतं. म्हणून आधी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला भेटा, काय गोळा करताय ते दाखवा, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत त्याला द्या.

कंपनीच्या आत कोणाकडे काय मागायचं, हेही समजून घ्या. वॉरंटी विभाग दावा मान्य की अमान्य, एवढंच ठरवतो. भागाची रचना बदलणं त्याच्या हातात नाही. ते काम क्वालिटी आणि डिझाइनचं, पण त्यांच्यापर्यंत वाट सर्व्हिस विभागातून जाते. सुटे भाग विभागाला साठा, मागणी आणि बदललेले पार्ट नंबर ठाऊक असतात. मार्केटिंग मेळावे आणि चाचणी राइड पाहतं. चिन्ह आणि नाव विधी विभागाकडे. वायरिंगची तक्रार मार्केटिंगला लिहिली तर ती पुढे सरकेलच असं नाही, आणि सरकली तरी वाटेत तिचा अर्थ बदलतो.

वही: गाड्यांची नोंद

सभासदांची यादी आणि गाड्यांची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीत प्रत्येक गाडीला एक ओळ आणि तिच्यात हे रकाने:

- पूर्ण चासी नंबर आणि इंजिन नंबर
- मॉडेल, प्लेटवरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष, पहिल्या विक्रीची तारीख
- आजचं किलोमीटर आणि ते पाहिल्याची तारीख
- वापर कसा: शहरात, हायवेवर, कच्च्या रस्त्यावर, बहुतेक एकटा की दोघं
- सर्व्हिस कुठे होते, ऑइल कोणतं आणि किती किलोमीटरला बदलतात
- मूळ गाडीत केलेले बदल: सायलेन्सर, जादा दिवे, हँडल, टायरची मापं, इंधन मिश्रण बदलणारी उपकरणं

चासी नंबर उतरवताना सर्वांत जास्त चुका होतात. आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा नंबर १७ खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. म्हणजे यादीतल्या नंबरात ओ दिसला तर तो शून्य आहे, आणि १६च खुणा भरल्या तर एक गळली आहे. नंबर तोंडी घेऊ नका. स्टिअरिंगच्या नळीवर किंवा फ्रेमवर ठोकलेल्या नंबराचा फोटो मागवा. जुन्या गाड्यांचे नंबर लहान असतात, ते जसे ठोकलेत तसेच लिहा. नंबर बरोबर असेल तर कंपनी त्यावरून गाडी कोणत्या दिवशी बनली, हे काढू शकते. बिघाड एखाद्याच खेपेच्या गाड्यांत आहे की सगळीकडे, याचं उत्तर तिथेच दडलेलं असतं.

ही माहिती लोकांची आहे. कोणासाठी घेतोय, कंपनीला काय देणार आणि काय देणार नाही, हे लिहून प्रत्येकाची संमती घ्या. कंपनीला गाडीची ओळ जाते. मालकाचं नाव, फोन आणि पत्ता जात नाही. कंपनीला एखाद्या मालकाशी बोलायचं असेल तर क्लब आधी त्याला विचारतो. युरोपात २०१८पासून व्यक्तिगत माहितीचा कडक कायदा लागू आहे, इतरत्रही तसे कायदे आले आहेत. पण कायदा नसता तरी हेच योग्य होतं.

आता मोजणीचा मुद्दा. "कोणाला हा त्रास झालाय?" असं सर्वांना विचारलं की ज्यांना झाला तेच हात वर करतात. मग क्लब लिहितो, "आमच्याकडे २२ तक्रारी आहेत." इंजिनियर विचारतो, "कितीपैकी?" आणि उत्तर नसतं. योग्य रीत अशी: नोंदीतून चिठ्ठ्या टाकून ५० किंवा ६० गाड्या निवडा आणि प्रत्येक मालकाला फोन करून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. "काही नाही झालं" हेही उत्तरच आहे, ते लिहा. जे भेटले नाहीत त्यांची संख्या वेगळी द्या.

आणि शून्य म्हणजे नाहीच, असं समजू नका. ६० गाड्या तपासल्या, एकीतही बिघाड नाही, तरी खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. हिशेब सोपा आहे: ३ ला तपासलेल्या गाड्यांच्या संख्येने भागा, ही ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. असा आकडा मर्यादेसकट मांडलेला दिसला, की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

बिघाडाचा अहवाल

एका अहवालात एकच बिघाड. "चार्जिंग, ब्रेक आणि रंगाच्या तक्रारी" असा एकत्र कागद केला तर तो तीन टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही.

उदाहरण घेऊन पाहू. समजा एका मॉडेलच्या गाड्यांची बॅटरी वारंवार उतरते आहे. बहुतेक क्लब बॅटरीकडे जाणारा विजेचा दाब (व्होल्टेज) काबूत ठेवणाऱ्या भागावर बोट ठेवून लिहितील, "रेग्युलेटर निकृष्ट आहे, बदलून द्या." हा निष्कर्ष झाला, आणि अनेकदा तो चुकीचा असतो. त्याआधी प्रत्येक गाडीवर, एकाच क्रमाने, डिजिटल मल्टिमीटरने मोजा:

१. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी. बॅटरीच्या टोकांवर पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा सुरुवात करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील. लिथियम बॅटरीचे आकडे वेगळे असतात. त्या गाड्या वेगळ्या गटात ठेवा.

२. इंजिन गरम, ५,००० आरपीएम, हेडलाइट चालू. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट अपेक्षित; नेमकी मर्यादा वर्कशॉप मॅन्युअलची धरा. कमी असेल तर चार्जिंग होत नाही, १५च्या वर असेल तर रेग्युलेटर दाब रोखत नाही.

३. त्याच अवस्थेत रेग्युलेटरची बाहेर येणारी पॉझिटिव्ह तार आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक यांमधला फरक. ०.३ व्होल्टच्या वर गेला तर दाब वाटेतच कुठेतरी खाल्ला जातोय. निगेटिव्ह बाजूनेही असंच.

४. इंजिन बंद करून स्टेटरचा (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांचा) कपलर, म्हणजे तारांचा प्लॅस्टिकचा जोड, सोडवा. तीन तारांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध (रेझिस्टन्स) सारखा हवा, आणि कोणतीही तार इंजिनच्या धातूशी जोडलेली दिसता कामा नये. मग इंजिन चालू करून त्याच तीन जोड्यांवर एसी व्होल्टेज. तिन्ही आकडे जवळपास सारखे. ते किती असावेत हे मॅन्युअलमध्ये बघा. या दाबाचा झटका बसतो, उघड्या टोकांना हात नको.

५. कपलर उघडून फोटो. पिवळसर किंवा काळवंडलेलं प्लॅस्टिक, सैल झालेली पिन, हिरवट बुरशी.

ही मापं २० गाड्यांवर घेतली की पाणी कुठे मुरतंय ते दिसू लागतं. समजा १७ गाड्यांत चार्जिंग कमी आहे आणि त्यांतल्या १४ गाड्यांत स्टेटरची तिन्ही मापं सारखी, रेग्युलेटर ठीक, पण कपलर जळका आहे. मग रोग रेग्युलेटरचा नाही. पिनची पकड सैल होते, तिथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने पिनची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी सैल होते. हे चक्र प्लॅस्टिक वितळेपर्यंत चालतं. रेग्युलेटर बदलणारा मेकॅनिक नवा भाग त्याच जळक्या कपलरला जोडतो आणि सहा महिन्यांनी मालक पुन्हा ढकलत घरी येतो. असं निदान क्लबने मांडलं तर कंपनीला महागडा भाग बदलून देण्याची गरजच उरत नाही; चांगला कपलर पुरतो. दोन्ही बाजूंचं भलं होणाऱ्या अशा एका अहवालाने जे साधतं ते दहा स्नेहभोजनांनी साधत नाही.

कंपनी उलट काय विचारेल ते आधीच उत्तरून ठेवा. पहिला प्रश्न जादा दिव्यांचा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १३.८ व्होल्टला जवळपास ८ अँपिअर. लहान स्टेटरसाठी हा मोठा बोजा आहे. म्हणून मूळ अवस्थेतल्या आणि बदल केलेल्या गाड्यांचे आकडे दोन वेगळ्या तक्त्यांत द्या. सगळे बिघाड जादा दिव्यांच्याच गाड्यांत निघाले तर अहवाल कंपनीकडे पाठवूच नका. तो सभासदांना वाटा.

शब्द जपून. "निकृष्ट", "फसवणूक", "निर्मितीदोष" हे शब्द अहवालात नकोत. "चाकाची बेअरिंग खराब" याऐवजी लिहा: "मागच्या चाकाची डावी बेअरिंग, २३,४०० किमी, आतल्या रेसवर खड्डे, सील जागेवर, ग्रीस पाणी मिसळल्यासारखं पांढरट, चाक त्याआधी एकदा पंक्चरसाठी उतरवलेलं." दुसरं वाक्य वाचून इंजिनियर खुर्ची पुढे ओढतो.

काढलेला भाग हाच सर्वांत मोठा पुरावा, आणि तोच सर्वांत आधी कचऱ्यात जातो. भाग पुसू नका, पेट्रोलने धुऊ नका, आत काय आहे म्हणून उघडू नका. कपलर असेल तर दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर तार ठेवून कापा. बेअरिंग ग्रीससकट बंद पिशवीत. इंजिनातला भाग असेल तर सोबत त्याच वेळी काढलेलं ऑइल स्वच्छ बाटलीत. प्रत्येकाला चिठ्ठी: चासी नंबर, किलोमीटर, तारीख, कोणी काढला. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. वॉरंटीत बदललेला जुना भाग बहुधा कंपनीचा होतो, तो पावती घेऊन द्या. वॉरंटीबाहेरचे नमुने एकापेक्षा जास्त असतील तर एक क्लबकडे ठेवा, कारण तपासणीत भाग कापला जातो आणि कापलेला भाग परत मिळून उपयोग नसतो.

याला अपवाद एकच: सुरक्षा

ब्रेक, स्टिअरिंग, चाक, फ्रेमला तडा, इंधनगळती, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं. या बाबतीत ५० गाड्यांची मोजणी पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. मालकाला गाडी वापरू नको म्हणून सांगा, त्याच दिवशी डीलरकडे लेखी नोंद करायला लावा, आणि त्या देशात वाहन सुरक्षेचं सरकारी खातं तक्रारी घेत असेल तर तिथेही मालकाने स्वतः कळवावं. अमेरिकेतली महामार्ग सुरक्षा संस्था थेट वाहनमालकांच्या तक्रारी नोंदवते आणि त्या रिकॉलच्या (सदोष गाड्या परत बोलावण्याच्या) तपासात वापरते. क्लबने सभासदांना सावध करावं, फक्त खात्री असलेलं लिहून.

कंपनीतला ओळखीचा अधिकारी "जरा थांबा, आम्ही बघतो" म्हणाला तरी थांबू नका. तो मनापासून म्हणत असेल. पण नातं टिकावं म्हणून धोक्याची माहिती दाबणाऱ्या क्लबला मालकांचा क्लब म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. ही अट पहिल्याच बैठकीत समोर ठेवा, म्हणजे पुढे कोणाला विश्वासघात वाटणार नाही.

पहिलं पत्र, पहिली बैठक

पत्र एका पानाचं. नमनाला घडाभर तेल नको. साधारण असं:

"आमच्या नोंदणीकृत क्लबकडे अमुक मॉडेलच्या १४० गाड्यांची चासी नंबरांसह नोंद आहे. त्यांतल्या चिठ्ठीने निवडलेल्या ६० गाड्यांची चार्जिंग यंत्रणा आम्ही तपासली. मापं, फोटो आणि पद्धत सोबत जोडली आहे. नऊ नमुने राखून ठेवले आहेत. आपल्या सर्व्हिस विभागातील तांत्रिक अधिकाऱ्याशी एका तासाची भेट हवी आहे. या पत्राची प्रत आमच्या डीलरला दिली आहे. क्लबच्या वतीने बोलण्याचा अधिकार पुढील दोघांना आहे."

मागणी एकच: एक तास. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एक आठवण, त्यानंतर डीलरच्या किंवा विभागीय मॅनेजरच्या मार्फत. रोज फोन नको, आणि "आम्ही जाहीर करू" ही धमकी तर अजिबात नको.

बैठकीला चारपेक्षा जास्त जण नेऊ नका. एक बोलणारा, एक लिहिणारा, एक ज्याने प्रत्यक्ष मापं घेतली तो, आणि हवं तर अध्यक्ष. विषय तीन. स्वतःच्या गाडीचं रडगाणं कोणीही काढायचं नाही. हा नियम मोडला की तासातली चाळीस मिनिटं एका सायलेन्सरच्या आवाजात जातात. इतिवृत्त ४८ तासांत पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कंपनीने "तपासतो" म्हटलं असेल तर तेवढंच लिहा, "मान्य केलं" असं लिहू नका.

काही गोष्टी समोरचा सांगूच शकत नाही: येणारी मॉडेलं, एकूण वॉरंटी दाव्यांचे आकडे, भाग पुरवणाऱ्याशी चाललेला वाद. विचारून त्याला अडचणीत टाकू नका. कंपनीने गोपनीयतेचा करार पुढे केला तर सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा: कोणती माहिती गुप्त, किती काळ, आणि क्लबने स्वतः गोळा केलेली माहिती त्यातून वगळली आहे का. तिसरी गोष्ट नसेल तर सही करू नका. आपलीच वही आपल्याला उघडता येणार नाही.

नाव आणि चिन्ह

लेखी परवानगी हातात येईपर्यंत कंपनीचं चिन्ह कशावरही छापू नका, झेंड्यावर नाही आणि टाकीवरच्या स्टिकरवरही नाही. विधी विभाग इथे कडक असतो याचं कारण आहे: आपल्या चिन्हाच्या गैरवापराकडे सतत डोळेझाक करणाऱ्या कंपनीचा त्या चिन्हावरचा हक्क कमकुवत होऊ शकतो. म्हणून क्लबचं स्वतःचं बोधचिन्ह बनवा, ज्यात कंपनीच्या अक्षरांचा आकार किंवा रंगांची जोडी उचललेली नसेल. परवानगीच्या पत्रात नेमक्या वस्तू, मुदत, विक्री करता येईल की फक्त सभासदांना वाटप, आणि परवानगी संपल्यावर उरलेल्या मालाचं काय, हे असायला हवं. शेवटचा मुद्दा विसरला तर तीनशे टी-शर्ट कपाटात पडून राहतात.

सवलतीऐवजी काय मागावं

सुट्या भागांवरची सवलत बहुतेक वेळा डीलरच्या नफ्यातून जाते. म्हणजे ज्याच्या मदतीवर क्लब उभा आहे त्याच्याच खिशात हात. त्यापेक्षा कंपनीला स्वस्त पडेल आणि मालकाला मोलाचं ठरेल असं मागा: वर्कशॉप मॅन्युअलची प्रत, सर्व्हिस प्रशिक्षकाचा एक दिवस, विशेष हत्यारांचा क्लबसाठी एक संच, आणि बदललेल्या पार्ट नंबरांची यादी. मेळाव्याला रोख रकमेऐवजी तपासणीसाठी दोन मेकॅनिक मागा. ६० गाड्यांची चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, हँडलची बेअरिंग बघून झाली की वहीत नव्या ६० ओळी भरतात.

बनवणं बंद झालेल्या भागांसाठी एकत्रित मागणी हा क्लबचा खरा उपयोग. आधी पार्ट नंबर पडताळा. अनेकदा भाग बंद झालेला नसतो, नंबर बदललेला असतो आणि दुकानदार जुनाच नंबर शोधत बसतो. खरंच बंद असेल तर कमीत कमी किती नग बनवावे लागतील ते विचारा. मग सभासदांकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्या. हात वर करणारे बरेच असतात, पैसे भरणारे कमी. ऑर्डर भरलेल्या पैशांवरच द्या. धातूचे भाग जादा मागवले तरी राहतात. रबरी सील आणि ओ-रिंग मात्र पडून पडून कडक होतात, ते दोनतीन वर्षांत संपतील एवढेच. कंपनीला स्वतः बनवायचे नसतील तर ड्रॉइंग वापरून बाहेरून बनवून घेण्याचा परवाना मागता येतो. तेव्हा मापांबरोबर धातूची जात, कठीणपणा आणि उष्णता-प्रक्रियाही लेखी घ्या. नुसत्या मापांवर बनवलेलं गिअर बसतं छान आणि दात लवकर सोडतं.

कारखान्याची भेट मिळाली तर नावांची यादी ओळखपत्रांसह दोन आठवडे आधी द्या, बंद बूट सक्तीचे, फोन गेटवर. प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणारा सभासद असेल तर आधी सांगा. असेंब्ली लाइनवरच्या कामगाराला आपल्या गाडीच्या तक्रारीबद्दल विचारू नका. उत्तर देण्याचा त्याला अधिकार नसतो आणि त्याचा साहेब मागेच उभा असतो.

माणसं बदलतात तेव्हा

कंपनीत बदल्या होतात, क्लबमध्ये निवडणुका. दोन्ही बाजूंची माणसं एकाच वर्षी बदलली तर जमलेलं सगळं विरतं. म्हणून क्लबच्या दोन अधिकृत माणसांची मुदत एकाआड एक वर्ष संपेल अशी ठेवा. जुना माणूस नव्याला किमान एका बैठकीला सोबत नेतो. आणि एक फाइल कायम क्लबच्या ताब्यात, कोणाच्या घरी नाही: सगळी पत्रं तारखेने, इतिवृत्तं, चिन्हाची परवानगी आणि तिची मुदत, राखलेल्या नमुन्यांची यादी आणि ते कुठे ठेवलेत, उत्तर न मिळालेल्या प्रश्नांचं वेगळं पान. कंपनीत नवा सर्व्हिस मॅनेजर आला की महिन्याभरात त्याला भेटा आणि हे शेवटचं पान त्याच्यापुढे ठेवा.